शोकसंदेशांची उत्तरे यंत्राकडून लिहून घ्यावीत का?

वैराटगड यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात माझे वडील, आमचे आप्पा, वारले. वय ८४ होते, आजारपण फार लांबले नाही. वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी ३३ वर्षे शिकवले, त्यामुळे ओळखीचा गोतावळा मोठा आहे. तेरावा झाला, पाहुणे परतले आणि आता माझ्या फोनमध्ये २१४ संदेश उत्तराविना पडून आहेत. माझा मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. तो म्हणाला, "बाबा, हे सगळे संदेश एआयला द्या. तो प्रत्येकाला वेगळे आणि नीट मराठीत उत्तर लिहून देईल. अर्ध्या तासात काम संपेल." नमुना म्हणून त्याने एक उत्तर तयार करून दाखवलेही. ते माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही ते पाठवायला माझा हात पुढे होईना, आणि का होत नाही हे मला मुलाला धडपणे सांगताही येईना.

त्यानंतर मी सगळे संदेश पुन्हा एकदा सावकाश वाचले. तेव्हा लक्षात आले की तीन संदेशांमध्ये एक वाक्य अक्षरशः सारखे आहे: "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी शब्दांत व्यक्त करणे कठीण असले, तरी त्यांचे संस्कार आपल्याला सदैव वाट दाखवत राहतील." यातला एक संदेश ठाण्याच्या व्याह्यांचा, दुसरा माझ्या जुन्या कचेरीतल्या सहकाऱ्याचा आणि तिसरा नागपूरच्या चुलतभावाचा आहे. या तिघांची एकमेकांशी ओळखही नाही. चुलतभाऊ तर लहानपणी दर उन्हाळ्यात आमच्याकडे महिनाभर राहायचा, आप्पांच्या ताटात जेवायचा. त्याच्याकडून ते वाक्य आले याचे मला फार वाईट वाटले.

आणि त्याच यादीत खाली एक ५२ सेकंदांचा व्हॉइस मेसेज आहे. पाठवणारा आप्पांचा १९७८ च्या आसपासचा विद्यार्थी. मागे ट्रॅक्टरची धडधड ऐकू येते, मध्येच तो कोणाला तरी "थांब रं जरा" असे म्हणतो, आणि मग सांगतो: "गुर्जी डब्यात एक भाकरी जास्तीची आणायचे. मला म्हणायचे, आज मला भूक न्हाई, तू खा. लई वर्षांनी कळलं मला, ते रोजच का म्हणायचे तसं." ही गोष्ट मला ६० वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितली नव्हती. मी तो मेसेज आईला ऐकवला, तर ती एवढेच म्हणाली, "मला ठाऊक होतं. मीच करून देत होते."

आता माझे दोन प्रश्न आहेत. ज्यांनी मनापासून लिहिले त्यांना यंत्राने लिहिलेले उत्तर पाठवणे हा त्यांचा अवमान ठरतो का? आणि ज्यांनी उघडउघड यंत्राकडून लिहून घेतले आहे, त्यांच्या संदेशाकडे मी कसे पाहावे? जाणकारांनी अनुभवावरून सांगावे.

तारमास्तर यांचे उत्तर

वैराटगड, आपल्या दुःखात सहभागी आहे. मी तार खात्यात ३० वर्षे नोकरी केली, म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तयार मजकुराचा प्रश्न या एआयने पहिल्यांदा निर्माण केलेला नाही.

शुभेच्छांच्या तारांसाठी खात्याची ठरावीक वाक्ये असत आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. दिवाळी, लग्न, परीक्षेतले यश, इतकेच काय, निवडणुकीतल्या विजयाचे अभिनंदन करण्यासाठीही तयार वाक्य होते. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक सांगायचा. तारेवरून तो आकडा जायचा आणि पलीकडच्या कार्यालयात तो आकडा पाहून पूर्ण वाक्य कागदावर उतरवले जायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तोवर लाखो लोकांनी एकमेकांना हीच मोजकी वाक्ये पाठवली आणि कोणालाही त्यात आपला अपमान झाला असे वाटले नाही. तसेच मुंबईच्या जीपीओसमोर, कबुतरखान्याजवळ, पत्रलेखक बसत. ज्यांना लिहिता येत नसे अशी कष्टकरी माणसे त्यांच्याकडून घरची पत्रे आणि मनीऑर्डरचे फॉर्म भरून घेत. म्हणजे दुसऱ्याच्या हातून लिहून घेणेही नवीन नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो असा. तारेतले वाक्य तयार आहे, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असे आणि घेणाऱ्यालाही. त्या वाक्यावरून कोणी कोणाचे प्रेम मोजत नसे. तुमची आठवण ठेवून मी तार कचेरीपर्यंत चालत गेलो, रांगेत उभा राहिलो, पैसे मोजले, एवढेच त्या तारेतून कळायचे आणि तेवढे पुरेसे असायचे. पत्रलेखकासमोर बसलेला माणूसही आपल्या तोंडाने सांगत असे की म्हशीचे काय झाले, धाकट्याचा ताप उतरला का, पैसे कोणाच्या हाती द्यायचे. लेखणी दुसऱ्याची असली तरी मजकूर त्याचा असे. आज यंत्राकडून आलेला मजकूर मात्र अगदी खास तुमच्यासाठी लिहिल्यासारखा दिसतो, आणि त्यामागे ना चालत जाणे असते ना सांगणे. आपल्याला जे खटकले ते हेच असावे.

अजून एक गोष्ट आठवली ती लिहितो. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे. वर 'श्री' नसे. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की वाचण्याआधीच घरातली बाई दारात थबकायची. ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. मजकूर तर चार ओळींचा आणि सगळीकडे सारखाच: अमुक तिथीला अमुक यांना देवाज्ञा झाली, अमुक दिवशी दहावा. दुःख त्या चार ओळींत मांडायचे नसतेच, ही समज तेव्हा सर्वांना होती. ते मांडायचे ते समाचाराला प्रत्यक्ष गेल्यावर, ओट्यावर शेजारी बसून, पुष्कळदा काहीही न बोलता.

आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर: ज्यांनी आप्पांबद्दल एखादी गोष्ट सांगितली आहे त्यांना आपणच लिहा, मग दोन ओळी का असेनात. बाकीच्यांना एकच सामाईक आभाराचा संदेश पाठवा आणि तो सामाईक आहे हे दिसू द्या.

नेकारकाठची नाशिककर यांचे उत्तर

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, कारण यंत्राकडून शोकसंदेश लिहून घेणारी ती व्यक्ती मी स्वतः होते.

माझे शिक्षण नाशिकला इंग्रजी माध्यमात झाले आणि गेली ११ वर्षे मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. घरी मराठी बोलतो, मला मराठी वाचताही येते, पण दोन वाक्ये लिहायची म्हटली की ऱ्हस्व-दीर्घापासून सगळे अडते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे यजमान गेले. सुट्टी मिळाली नाही, जाता आले नाही. फोन करायचे धाडस होईना, कारण फोनवर मला रडू आवरले नसते. शेवटी मी एआयला इंग्रजीत सांगितले की काकांच्या निधनाबद्दल मावशीला मराठीत संदेश लिहून दे, आणि जे आले ते न बदलता पाठवले.

संध्याकाळी मावशीचाच फोन आला. पहिले वाक्य होते, "अगं, तू मला 'आपण' कधीपासून म्हणायला लागलीस?"

त्या संदेशात मावशीला 'आदरणीय' म्हटले होते आणि संपूर्ण मजकुरात 'आपण', 'आपल्या', 'आपणास' असे लिहिले होते. आमच्याकडे आईला आणि मावशीला 'तू' म्हणतात. जिच्या कुशीत मी झोपले तिला मी 'आपणास' म्हटले, आणि वाचताना माझ्या ते लक्षातही आले नाही, याची मला आजही खंत वाटते. यंत्राचा यात दोष नाही. मी त्याला नाते सांगितले होते, पण इंग्रजीत 'तू' आणि 'आपण' यांत भेद नाही, आणि शोकाचा मजकूर औपचारिक असतो असे गृहीत धरून त्याने तो लिहिला. ते नाते ज्याला ठाऊक होते त्याने, म्हणजे मी, तपासायला हवे होते.

तरीही तारमास्तर काकांना मी नम्रपणे सांगेन की यंत्र नसते तर मी प्रत्यक्ष गेले असते असे नाही. मी गप्प बसले असते. माझ्यासारख्या देशाबाहेरच्या आणि देशातल्याही अनेक मुलामुलींची हीच अवस्था आहे. मनात पुष्कळ असते, पण लिहिण्यापुरती भाषा हातात नसते. आता मी वेगळे करते. फोनमध्ये २०१७ पासून मराठी बोलून लिहिण्याची सोय आली आहे. मी मनात येईल तसे मराठीत बोलते, फोन ते देवनागरीत उतरवतो, आणि मग एआयला फक्त इतकेच सांगते की शुद्धलेखन दुरुस्त कर, एकही शब्द बदलू नकोस. बदललाच तर मी माझा शब्द परत घालते. मागच्या दिवाळीत मावशीला असे दीड पानाचे पत्र लिहिले. तिने ते छापून घेऊन देवघराच्या कपाटात ठेवले आहे.

त्यामुळे तुमच्या चुलतभावाबद्दल लगेच मत बनवू नका, एवढी विनंती. कदाचित त्याला सुचतच नसेल.

हिशेबनीस यांचे उत्तर

सर्वप्रथम सांत्वना. मात्र आतापर्यंतच्या चर्चेत मूळ कारण बाजूला राहते आहे असे मला वाटते. एआयचा नंबर नंतरचा आहे. मूळ कारण व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आहे.

पूर्वी एखाद्याच्या वडिलांच्या निधनाची बातमी किती जणांना कळायची? भावकी, गल्ली, कचेरी, सोयरे. त्यातले बहुतेक जण गेलेल्या माणसाला ओळखत असत. आज एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसे असू शकतात. माझ्या फोनमध्ये शाळेचा, कॉलेजचा, सोसायटीचा, जुन्या सोसायटीचा, मुलीच्या सासरचा आणि ट्रेकिंगचा असे ग्रुप आहेत, आणि दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरची निधनवार्ता येतेच. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले की पाठोपाठ ४० जण तेच लिहितात, आणि ज्याने लिहिले नाही त्याची अनुपस्थिती सगळ्यांना दिसते. मी त्या गृहस्थांना कधी पाहिलेलेही नसते. तिथे मी मनापासून काय लिहावे? खरे सांगायचे तर दोन-तीनदा मीही एआयकडून लिहून घेतले आहे, आणि त्यात मला गैर वाटले नाही, कारण ज्या नात्यात सांगण्यासारखी आठवणच नाही तिथे ती नसल्याचा दोष कोणाला द्यायचा?

ही सवय घट्ट झाली ती २०२० मध्ये, असे माझे निरीक्षण आहे. टाळेबंदीत अंत्यविधीला २० पेक्षा जास्त माणसांना परवानगी नव्हती. माझ्या सख्ख्या मामांचे अंत्यदर्शन मी कल्याणला बसून मोबाइलच्या पडद्यावर घेतले. भाच्याने फोन उंच धरला होता आणि त्याचा हात सारखा थरथरत होता. त्या काळात पडद्यावरून भेटणे हा एकमेव मार्ग होता आणि त्याने आम्हाला सावरले, हे मी कधी विसरणार नाही. पण बंधने उठल्यावरही आपण समाचाराला जाणे पूर्वीसारखे सुरू केले नाही. संदेश पाठवला म्हणजे भेटून झाले, असा एक हिशेब मनात कायमचा बसला.

पाठवायला काहीच श्रम लागत नाहीत, म्हणून संदेश वाढतात. संदेश वाढले म्हणून उत्तरे द्यायला श्रम पुरत नाहीत. मग उत्तरेही यंत्राने लिहायची. म्हणजे तिकडे यंत्र लिहिणार, इकडे यंत्र उत्तर देणार, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले त्या आप्पांचे नाव फक्त मजकुरात येणार. तुम्ही २१४ उत्तरे देण्याचे ओझे मुळात घेऊच नका. गावाकडच्या वर्तमानपत्रात तेराव्यानंतर कुटुंबीयांच्या नावे एक चौकट छापून येते: 'आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.' त्या चौकटीने वर्षानुवर्षे हे काम नीट केले आहे. तशीच चौकट ग्रुपमध्ये टाका.

मुळाकाठ यांचे उत्तर

हिशेबनीस यांचा ग्रुपबद्दलचा मुद्दा मला पटतो, पण पडद्यावरची भेट ही प्रत्यक्ष भेटीची पडछाया असते, असा जो सूर इथे उमटतो आहे त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे. तिची भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. ती लहान असताना घरात फोन वाजला की सगळे बोलत आणि ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत बसे. फोन हे यंत्र तिच्यासाठी नव्हतेच. नंतर एसएमएस आले, पण लिहिलेली मराठी ही तिच्यासाठी दुसरी भाषा आहे. सांकेतिक भाषेचे व्याकरण वेगळे असते, आणि त्यात हातांइतकेच काम भुवया, ओठ, मान आणि खांदे करतात. २०१६ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. त्याच वर्षी इंटरनेट डेटाही स्वस्त झाला होता. त्या हिवाळ्यात माझी मुलगी पहिल्यांदा फोनवर 'बोलली'. लातूरच्या तिच्या मैत्रिणीशी दोघींनी सलग दोन तास गप्पा मारल्या. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता, कारण दोन्ही हात मोकळे हवे होते. मी स्वयंपाकघरातून पाहत होते आणि माझे पोळ्यांकडे लक्ष नव्हते.

मागच्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तिच्या कर्णबधिर मित्रमैत्रिणींनी तिला व्हिडिओ पाठवले. एकातही तयार वाक्य नव्हते. एका मुलाने फक्त 'आजी' ही खूण केली, मग सासूबाई पदर खोचायच्या ती लकब हुबेहूब करून दाखवली आणि थांबला. तो आमच्याकडे एकदाच जेवायला आला होता, तरी त्याने ते टिपले होते. मी ऐकू येणारी आणि सुशिक्षित बाई आहे, पण त्या दिवसांत मला आलेल्या शेकडो लिखित संदेशांपैकी एकही मला तितका भिडला नाही.

म्हणून मला वाटते की माध्यम कोणते यापेक्षा, पाठवणाऱ्याने गेलेल्या माणसाला डोळ्यांसमोर आणले होते की नाही, हे पाहावे. तुमच्या त्या ट्रॅक्टरवाल्या विद्यार्थ्याने आणले होते.

वैराटगड

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस गेले, या काळात जे केले ते सांगतो.

हिशेबनीस यांच्या सूचनेप्रमाणे नातेवाइकांच्या आणि कचेरीच्या ग्रुपमध्ये आभाराची चौकट टाकली. ती मीच लिहिली, तीन ओळींची आहे. त्यानंतर २१४ संदेशांतून ज्यात आप्पांची एखादी तरी आठवण आहे असे वेगळे काढले, ते ३७ निघाले. त्यांना रोज आठ-दहा याप्रमाणे उत्तरे लिहितो आहे. आई शेजारी बसते आणि कोण, कुठल्या बॅचचा, कोणाचा मुलगा हे सांगते. एका संदेशात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की मला वाचायला दोनदा लागले. तो आप्पांच्या शाळेतल्या शिपायाच्या नातवाने आजोबांच्या सांगण्यावरून लिहिला होता. आजोबांना आता दिसत नाही. त्यांना उत्तर म्हणून मी व्हॉइस मेसेज पाठवला. मुलाने हे सगळे पाहिले आणि स्वतःहून यादी तयार करून दिली, त्यात एआयची मदत घेतली, आणि ती मला फार उपयोगी पडली. मजकुराला मात्र त्याने हात लावला नाही.

नागपूरच्या चुलतभावाला मी काल फोन केला. मनात राग होता, तो लपवायचे ठरवूनच केला. पलीकडून त्याचा आवाज खोल गेलेला वाटला. त्याची पत्नी तीन आठवडे अतिदक्षता विभागात होती. आप्पा गेल्याची बातमी त्याला तिथल्या बाकावर बसलेला असताना कळली आणि त्याने मुलीला सांगितले, "काहीतरी लिहून पाठव." तिने जे सुचले त्या मार्गाने लिहून पाठवले. वहिनी आता घरी आली आहे. आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते, कारण त्याने कुठल्याही ग्रुपमध्ये लिहिले नव्हते. त्यानंतर तो आप्पांबद्दल बोलू लागला. आप्पा त्याला उन्हाळ्यात धोम धरणावर पोहायला न्यायचे आणि काठावर बसून त्याचे डोके पाण्याबाहेर दिसते की नाही याकडे लक्ष ठेवायचे, ते सांगताना त्याला पुढे बोलवेना. दोघेही फोन धरून बसलो. येत्या शनिवारी मी आणि आई नागपूरला जात आहोत.

एक शेवटची विचारणा आहे. तो ५२ सेकंदांचा व्हॉइस मेसेज, आणि आप्पांनी स्वतः नातवंडांना पाठवलेले सात-आठ व्हॉइस मेसेज, मला कायमचे जपून ठेवायचे आहेत. फोन जुना झाला आहे आणि बदलावा लागणार आहे. ते कसे ठेवावेत?

नेकारकाठची नाशिककर

नागपूरला जाऊन या, काका. वहिनींना लवकर बरे वाटो.

त्या मेसेजवर बोट दाबून धरा, म्हणजे तो निवडला जाईल. मग वाटून घेण्याच्या खुणेवर जाऊन तो स्वतःच्याच ईमेलवर पाठवा, आणि मुलाच्या ईमेलवरही पाठवा. प्रत्येक मेसेजसाठी हे वेगवेगळे करा, कारण नुसत्या बॅकअपवर विसंबून राहिल्यास एका प्रकारच्या फोनवरून दुसऱ्या प्रकारच्या फोनवर जाताना गोष्टी हरवू शकतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर विशेष सांभाळा. या ध्वनिफितींचा प्रकार बहुधा 'ओपस' असतो. संगणकावर ती वाजली नाही तर व्हीएलसी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि फाइलचे नाव बदलून त्यात तारीख व बोलणाऱ्याचे नाव मराठीतच लिहा, नाहीतर पाच वर्षांनी कोणता आवाज कोणाचा हे शोधावे लागते. जुना फोन हे सगळे झाल्यावरच कोणाला द्या, आणि नव्या फोनवर प्रत्येक फाइल एकदा पूर्ण ऐकून पाहा.